फरसबंद अंगणातील तण सुरक्षितपणे कसे काढावे

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. मुलुंडमधील एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर आपले घर असून मागच्या बाजूला अंदाजे बारा फूट बाय वीस फुटांचे मोकळे अंगण आहे. त्यात निम्म्या भागावर शहाबादी फरशी आणि निम्म्या भागावर पेव्हर ब्लॉक आहेत. दर पावसाळ्यात सांध्यांतून गवत उगवते आणि यंदा कुंपणाच्या भिंतीतून पिंपळही फुटला आहे. सोसायटीचा माळी ‘गवत मारायचे औषध’ फवारण्यास तयार आहे, शेजाऱ्यांनी खडे मीठ आणि अॅसिड सुचवले आहे. मात्र घरात रांगणारे मूल आणि कुत्रा असल्यामुळे यातले काय सुरक्षित आहे, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. एवढ्या जागेसाठी औषधाची गरज नाही, मीठ आणि अॅसिड तर अजिबात वापरू नये, आणि हाताने काढलेले तण परत येते ही तक्रार खरी असली तरी तिचे कारण तण काढल्यानंतर सांधा तसाच उघडा सोडला जातो हे आहे. मुंबईतील सोसायट्यांच्या बागा आणि आवारे सांभाळण्याच्या कामात मी जेवढी अंगणे पाहिली, त्यांत तणाचा त्रास कमी झालेली अंगणे ही सांधे नीट भरलेली अंगणे होती. तिथे कोणते औषध मारले होते याला फारसे महत्त्व नव्हते.

ब्लॉकखालच्या मातीतून गवत वर येते, असा बहुतेकांचा समज असतो आणि म्हणून कंत्राटदार खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरण्याचा सल्ला देतात. प्रत्यक्षात सांध्यातले बहुतेक तण वरून आलेल्या बियांचे असते. मार्च ते मे या काळात रस्त्याची धूळ, बांधकामाचा भुगा, पर्जन्यवृक्षाची आणि गुलमोहराची बारीक पाने सांध्यांत साठतात. जूनच्या पहिल्या सरींनी ती कुजू लागतात आणि बोटाच्या पेराएवढ्या खोलीत उत्तम खतमाती तयार होते. त्यात वाऱ्याने, पक्ष्यांनी आणि आपल्या चपलांनी आणलेले बी पडते. एकदांडी, सहदेवी, दुधी, भुईआवळा, घोळ, केना ही मंडळी अशीच येतात. त्यांची मुळे उथळ असतात आणि ओल्या सांध्यातून ती अलगद निघतात.

अपवाद दोनच आहेत, पण तेच माणसाला दमवतात : लव्हाळा आणि हरळी. लव्हाळा ओळखणे सोपे आहे. त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला की तीन कडा लागतात, कारण तो गवतासारखा गोल नसून त्रिकोणी असतो. जमिनीलगत धरून तो ओढला की टक् आवाज होऊन तुटतो, हातात पांढुरका बुंधा येतो आणि आपल्याला वाटते काम झाले. खाली मात्र वाटाण्याएवढी काळपट गाठ, म्हणजेच नागरमोथ्याची गाठ, शाबूत राहते. तिला बारीक दोऱ्यासारख्या मुळाने पुढची गाठ जोडलेली असते, तिला त्याच्या पुढची. वरचा कोंब तुटला की या गाठींना चेव येतो आणि काही दिवसांत त्याच सांध्यातून दोन कोंब दिसतात. म्हणून लव्हाळा ओढून उपयोग नाही. त्या जागचे तीन-चार ब्लॉक उचलून खालची वाळू चाळून गाठी वेचाव्या लागतात. पेव्हर ब्लॉकचा मोठा फायदा हाच आहे की ते उचलता येतात आणि परत बसवता येतात. शहाबादी फरशीत ही सोय नसते. हरळीच्या बाबतीत तिची आडवी वेल कुठून आत शिरते ते शोधावे. बहुधा ती कडेच्या वाफ्यातून येते आणि तिथे विटांची किंवा सिमेंटची खोल कड घातली की तिचा मार्ग बंद होतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने आणखी एक ओळख आवश्यक आहे आणि ती गाजर गवताची. 1950 च्या दशकात पुण्याच्या परिसरात पहिल्यांदा लक्षात आलेले हे तण आता मुंबईत प्रत्येक पडीक जागेत आहे. गाजराच्या पाल्यासारखी पाने आणि पांढरी बारीक फुले दिसली की त्याला उघड्या हाताने शिवू नये. त्याच्या संपर्काने अनेकांच्या त्वचेवर चट्टे उठतात आणि परागकणांनी दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. ते फुलण्यापूर्वी, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि मास्क घालून मुळासकट उपटावे आणि मुलाला त्या वेळी घरातच ठेवावे.

आता वेळेविषयी. मुंबईत पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्थिरावतो आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत सांध्यांतली रोपे दोन ते चार पानांवर येतात. तण काढण्याचा हा सर्वांत चांगला काळ आहे, कारण माती मऊ असते, मुळे लहान असतात आणि बी धरलेले नसते. दुसरी फेरी ऑगस्टच्या अखेरीस, गणपतीच्या आसपास, रोपांनी बी टाकण्यापूर्वी करावी. लोक बहुधा ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेल्यावर, अंगण साफ करायला घेतात. तोवर बी सांध्यांत पडलेले असते आणि मुळे सुकलेल्या सांध्यात घट्ट रुतलेली असतात. ऑक्टोबर हा सांधे भरण्याचा महिना आहे, तण काढण्याचा नव्हे. पाऊस पडून गेल्यावर, ऊन पडण्याआधी, तासभर काम करावे. विजा चमकत असताना लोखंडी पहार हातात घेऊन कोणी अंगणात उभे राहू नये, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

एक निरीक्षण इथेच नोंदवतो. एप्रिल-मेमध्ये, सगळे अंगण करपलेले असताना, एखाद्या सरळ रेषेत सांधे हिरवे राहिले असतील, तर तो तणाचा प्रश्न नसून खाली पाण्याची किंवा सांडपाण्याची नळी गळत असल्याची खूण आहे. तिथे आधी प्लंबर बोलवावा. तसेच ब्लॉक एखाद्या जागी खचले असतील आणि कडेला उंदराएवढे भोक असेल, तर खाली घुशींनी बिळे केलेली असतात, वाळू वाहून गेलेली असते आणि कितीही वेळा तण काढले तरी तिथे पाणी साचून ते पुन्हा येत राहते.

काम सुरू करण्यापूर्वी अंगणाची एक फेरी मारावी. मुंबईच्या जुन्या आवारांत जमिनीखाली काय काय आहे याचा नकाशा कोणाकडेच नसतो. मीटर रूमजवळ अर्थिंगचा खड्डा असतो. त्याची तार हलवू किंवा तोडू नये. बागेतल्या दिव्यांची केबल कित्येकदा ब्लॉकच्या लगेच खाली, नळीशिवायच टाकलेली असते, म्हणून दिव्याच्या बाजूला काम करताना मेन स्विच बंद करावा आणि पहारीऐवजी हातातल्या खुरप्यानेच काम करावे. भूमिगत पाण्याच्या टाकीचे झाकण अंगणातच असेल, तर त्याच्याभोवतीच्या सांध्यांत कोणतेही रसायन टाकू नये, कारण झाकणाच्या कडेने पावसाचे पाणी आत जाणारच नाही अशी खात्री मुंबईतली कोणतीही सोसायटी देऊ शकत नाही. ड्रेनेजच्या चेंबरवरचे झाकण तडकलेले असेल, तर त्यावर गुडघे टेकून बसू नये.

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरल्यामुळे साप आणि विंचू कोरड्या आडोशाला येतात. मुलुंडला तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागूनच आहे. कुंड्यांची उतरंड, विटांचा ढीग, भिंतीलगत वाढलेले दाट गवत यांत थेट हात घालू नये. आधी लांब काठीने हलवावे, दोन मिनिटे थांबावे आणि मग काम करावे. साप दिसला तर मागे व्हावे, मुलाला आणि कुत्र्याला घरात घ्यावे आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. दंश झालाच, तर तो अवयव न हलवता, घट्ट दोरी न बांधता, चिरा न देता, 108 ची रुग्णवाहिका बोलावून रुग्णाला सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष तिथे मिळते आणि वेळ हाच तिथे निर्णायक असतो.

सापापेक्षा अधिक संभवणारा धोका मात्र लेप्टोस्पायरोसिसचा आहे. उंदरांच्या, घुशींच्या आणि कुत्र्यांच्या लघवीतून हा जिवाणू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतो आणि पायाच्या भेगेतून किंवा हातावरच्या जखमेतून शरीरात शिरतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या पुरानंतर हा आजार मुंबईकरांच्या चांगलाच परिचयाचा झाला. म्हणून अनवाणी किंवा स्लिपरमध्ये हे काम करू नये. गमबूट, आतून कापडी व बाहेरून रबर चढवलेले हातमोजे आणि हाताला कापलेले असेल तर त्यावर पाणी न शिरणारी पट्टी, एवढे पुरते. काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. जखम मातीत बरबटली तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख पाहावी, आणि नंतरच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही जाणवले तर डॉक्टरांना अंगणातल्या कामाविषयी आवर्जून सांगावे. आपल्या कुत्र्याला लेप्टोची लस दिली आहे का, तेही पशुवैद्याकडे विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष काढण्याची पद्धत साधी आहे. सुकलेला सांधा असेल तर आदल्या संध्याकाळी झारीने भिजवून ठेवावा. बसायला बुटके स्टूल किंवा लाकडी पाट घ्यावा, कारण वाकून काम करणाऱ्याची कंबर तिसऱ्या रांगेतच बोलू लागते. नेहमीचे रुंद खुरपे सांध्यात शिरत नाही. त्यासाठी लोहाराकडून जुन्या करवतीच्या पात्याला टोकाशी काटकोनात वाकवून हूक करून घ्यावा, किंवा गवंड्याकडची सर्वांत अरुंद छिन्नी वापरावी. हूक सांध्यात रोपाच्या मागे घालून आपल्याकडे ओढला की रोप, मूळ आणि खतमातीचा तो वरचा थर असे सगळे एकदम निघते. तो थर काढणे रोप काढण्याइतकेच महत्त्वाचे आहे. तो राहिला तर पुढचे बी तिथेच रुजते. तारेचा ब्रश वापरायचा असेल तर चष्मा किंवा गॉगल घालावा, कारण खडे नेमके डोळ्याकडेच उडतात. शहाबादी फरशीवर तारेचा ब्रश घासू नये, ओरखडे कायमचे राहतात. उच्च दाबाच्या पाण्याचा पंप काही जण वापरतात. त्याने सांधे स्वच्छ होतात, पण वाळूही उडून जाते आणि ब्लॉक हलू लागतात. वापरलाच तर झोत तिरका धरावा आणि सांधे लगेच पुन्हा भरण्याची तयारी ठेवावी.

आता मिठाविषयी. मीठ टाकले की गवत जळते, हे खरे आहे. पण मीठ तिथेच राहत नाही. पावसाच्या पाण्यात विरघळून ते वाफ्यात जाते, आंब्या-नारळाच्या मुळांशी जाते आणि इमारतीच्या कॉलमच्या पायथ्याशी जाते. मिठातले क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपून सळईवरचे संरक्षक आवरण मोडते, सळई गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. समुद्राकाठच्या या शहरात सळ्या उघड्या पडलेले कॉलम आणि छज्जे आपण रोज पाहतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, बंधनकारक असताना आपल्याच हाताने कॉलमच्या बुडाशी खडे मीठ ओतणे हा कसला उपाय झाला? अंगण पोडियमच्या स्लॅबवर असेल, म्हणजे खाली पार्किंग असेल, तर मिठाचा विचारही करू नये.

अॅसिडचा दोष वेगळा आहे. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. खात्री करायची असेल तर फरशीच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून वाकून पाहावे : बारीक बुडबुडे येतात आणि पुसल्यावर तिथे निस्तेज ठिपका उरतो. लिंबाने एवढे होते, तर संडास धुण्याचे अॅसिड दगडाचे काय करील? काँक्रीटचे ब्लॉकही त्याने खरबरीत होतात आणि खरबरीत पृष्ठभागावर शेवाळ अधिक घट्ट धरते. त्याची वाफ फुप्फुसांना जाळते, शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि नंतर कोणी शेवाळ घालवण्यासाठी त्याच जागी ब्लिचिंग पावडर टाकली तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ही दोन्ही कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. आजकाल निरुपद्रवी उपाय म्हणून व्हिनेगर सुचवले जाते. घरातल्या चार-पाच टक्क्यांच्या व्हिनेगरने कोवळी पाने करपतात, मूळ मरत नाही आणि शहाबादीवर डाग मात्र पडतो. ते पेव्हरच्या बाजूलाही मी वापरायला सांगणार नाही.

उकळत्या पाण्याला माझा विरोध नाही. कोवळ्या रोपांवर ते चांगले काम करते आणि मागे काही विष ठेवत नाही. पण ओल्या अंगणातून उकळते भांडे घेऊन चालणे हाच त्यातला धोका आहे आणि रांगते मूल असलेल्या घरात तो लहान नाही. चोचीची किटली घ्यावी, ती अर्धीच भरावी, दार लावून घ्यावे, पायांत बूट असावेत. पीव्हीसीच्या नळीवर ते ओतू नये, नळी मऊ पडते. लव्हाळ्याच्या गाठींना त्याने काही होत नाही. गॅसच्या ज्योतीने तण जाळण्याची अवजारे बाजारात आहेत, परंतु इमारतीला लागून गॅसची पाइपलाइन, वाळलेली पाने आणि स्कूटरी असताना ती सोसायटीच्या आवारात वापरू नयेत. शिवाय ओल्या ब्लॉकला एकदम उष्णता दिली तर त्याचा कपचा उडतो.

तणनाशकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माळ्याच्या हातातली बाटली हाच आपल्या प्रश्नातला खरा काळजीचा भाग आहे. पहिली गोष्ट म्हणजे त्या बाटलीवर मूळ लेबल आहे का, हे पाहावे. मुंबईत ही औषधे सुटी, पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून आणली जातात आणि याहून धोकादायक प्रकार दुसरा नाही. त्यात पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर एखाद-दुसरा घोटही जीव घेऊ शकतो आणि त्यावर उतारा नाही. बिनलेबलाची बाटली आवारात येऊच देऊ नये, आणि पॅराक्वाट असे लेबल असेल तर ती घराजवळही ठेवू नये.

बहुतेक वेळा औषध ग्लायफोसेट असते. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करण्याचे पाऊल उचलले. त्याच्या आरोग्यावरील परिणामांविषयी तज्ज्ञांत एकमत नाही : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ते ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकले, तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तसे मानलेले नाही. हा वाद बाजूला ठेवला तरी आपल्या अंगणात ते निरुपयोगी ठरण्याची दोन साधी कारणे आहेत. ते पानातून शोषले जाऊन मुळापर्यंत पोहोचायला काही तास कोरडे जावे लागतात, आणि जुलैच्या मुंबईत तेवढी उघडीप मिळेल अशी हमी कोणी देत नाही. सर आली की ते धुऊन पर्जन्य जलवाहिनीतून, कोणत्याही प्रक्रियेविना, नाल्यात आणि खाडीत जाते. दुसरे, मातीला लागल्यावर ते निष्प्रभ होते, त्यामुळे वरून पडणाऱ्या नव्या बियांना त्याचा अटकाव होत नाही. म्हणजे महिन्याभराने पुन्हा तोच माळी, तीच बाटली.

आणखी एक बाब शहरी लोकांच्या ध्यानात येत नाही. आवारातली हरळी म्हणजेच दूर्वा; चतुर्थीला कोणीतरी आजी ती खुडून नेते. श्रावण-भाद्रपदात पत्रीसाठी आघाडा शोधला जातो, कुंपणालगतचा टाकळा आणि घोळ भाजीला नेला जातो. फवारलेले गवत पहिले काही दिवस हिरवेच दिसते. त्यामुळे सोसायटीने फवारणी करायचीच ठरवली, तर तसा फलक लावणे आणि सर्व मजल्यांवर आधी कळवणे हे सौजन्य नसून गरज आहे. आपल्यापुरते सांगायचे तर मुलाचे आणि कुत्र्याचे तोंड जिथे जमिनीपासून वीतभर अंतरावर असते, तिथे फवारणी नकोच. फारच हट्टी लव्हाळा एखाद्या शहाबादीच्या सांध्यात असेल आणि फरशी उचलता येत नसेल, तर परवानाधारक माणसाकडून, पावसाळा सरल्यावर, कोंब हिरवे असतानाच, ब्रशने केवळ पानांना औषध पुसून घ्यावे, ते पूर्ण वाळेपर्यंत तो कोपरा बंद ठेवावा आणि तुळस-कढीपत्त्याच्या कुंड्या आधीच दूर कराव्यात.

भिंतीतला पिंपळ हा तणापेक्षा गंभीर विषय आहे. कावळे, कोकीळ, बुलबुल, वटवाघळे पिंपळाची आणि वडाची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतले बी भिंतीच्या फटीत पडते. दरवर्षी वरून छाटला तर त्याचे मूळ आत जाड होत राहते आणि गिलावा फुगवते. रोप वीतभर असेल तर पावसाने भिंत भिजलेली असताना फटीच्या कडेने छिन्नीने हलकेच गिलावा काढून मूळ शेवटपर्यंत मोकळे करावे आणि रोप पिशवीत लावून उद्यानात किंवा गावी द्यावे. अनेक घरांत पिंपळ तोडायला मन धजत नाही, त्यांनाही हा मार्ग पटतो. मूळ अंगठ्याहून जाड झाले असेल तर गवंडी बोलवावा, कारण ते ओढताना विटा सुटतात. फटीत पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा गिलावा भरून ती बंद करावी. छिद्रात हिंग किंवा अॅसिड भरण्याच्या नादी लागू नये. उंचावर, छज्जाखाली वाढलेला पिंपळ शिडीवर चढून स्वतः काढू नये, ते काम सेफ्टी बेल्ट बांधणाऱ्या माणसाचे आहे. आणि बुंधा धरलेले झाड झाले असेल तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, म्हणून आधी आपल्या वॉर्डातील महापालिकेच्या उद्यान खात्याला विचारावे.

शेवाळ हे तण नव्हे, पण अंगणात घसरून पडणारी माणसे शेवाळावरूनच पडतात, म्हणून एवढेच लिहितो : ते खराट्याने आणि साध्या पाण्याने घासावे, उतार नसल्यास करून घ्यावा आणि कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात म्हणजे खाली ओल राहत नाही.

आता सांधे भरणे. पेव्हर ब्लॉकमधला सांधा दोन ते चार मिलिमीटरचा असतो आणि तो वाळूनेच भरायचा असतो, सिमेंटने नव्हे. ब्लॉक वाळूच्या थरावर बसवलेले असल्यामुळे ते किंचित हलतात. सिमेंट भरले तर एका पावसाळ्यात त्याला केसाएवढ्या चिरा जातात आणि त्या चिरांत पुन्हा गवत येते, शिवाय पाणी झिरपायचे थांबते. वाळू धुतलेली, चाळलेली आणि पूर्ण कोरडी असावी. क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, घेतली तर तिच्यातली भुकटी चाळून टाकावी, कारण ती ओल धरते. खाडीची वाळू नको, तिच्यात मीठ असते. वाळू ब्लॉकवर पसरून मऊ झाडूने तिरकी लोटावी, लाकडी ठोकळा ठेवून रबरी हातोडीने ठोकावे, वाळू खाली बसली की पुन्हा लोटावी. ब्लॉकच्या माथ्यापासून दोन-तीन मिलिमीटर खाली सांधा भरलेला असला की पुरे. आपल्या अंगणातल्या ब्लॉकच्या भागाला एक गोणी वाळू उरून राहील. पाणी पडल्यावर घट्ट होणारी पॉलिमर वाळूही मिळते. ती वापरायची असेल तर नोव्हेंबरपूर्वी घाई करू नये, ब्लॉक आतपर्यंत कोरडे हवेत आणि पृष्ठभागावरची भुकटी पाणी मारण्यापूर्वी पूर्ण झाडावी, नाहीतर पांढरट थर बसतो.

शहाबादीचे दर्जे, म्हणजे फरशांमधले सांधे, मात्र सिमेंटनेच भरायचे असतात. जुना सैल माल बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीपर्यंत कोरून काढावा, सांधा धुऊन ओला ठेवावा, एकास तीन प्रमाणात सिमेंट-वाळूचा माल करून थापीने दाबून भरावा आणि आठवडाभर पाणी मारावे. पावसाच्या भरात हे करू नये, माल धुऊन जातो. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो सांधा गवंडी हमखास विसरतो आणि सर्वांत दाट गवत तिथेच येते. तिथे स्वतः उभे राहून त्याच्याकडून काम करून घ्यावे.

काढलेले तण ओल्या कचऱ्यात द्यावे. बी धरलेली रोपे आणि लव्हाळ्याच्या गाठी घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नयेत, तिथे त्या मजेत जगतात. पावसाळ्यानंतरच्या कडक उन्हात पत्र्यावर आठवडाभर वाळवल्या तर मरतात, एरवी त्या वेगळ्या बांधून पाठवाव्यात. काढलेला ढीग पावसाचे पाणी वाहून जाण्याच्या जाळीवर राहू देऊ नये, नाहीतर पुढच्या सरीला अंगणात तळे होते.

आपला प्रश्न जुलैच्या सुरुवातीचा आहे, म्हणून या आठवड्यात माळ्याला बाटलीऐवजी हूक द्यावा, पेव्हरच्या भागात लव्हाळा असलेले ब्लॉक खडूऐवजी तेलरंगाने खूण करून ठेवावेत, आणि उघडीप मिळेल त्या दिवशी ते उचलावेत. पावसात वाळू भरता येणार नाही, त्यामुळे तोवर साफ केलेले सांधे दर पंधरा दिवसांनी खराट्याने घासले तरी नवी रोपे दुसऱ्या पानाच्या पुढे जात नाहीत. दर्जे आणि वाळूचे काम ऑक्टोबरच्या मध्यानंतर, पाऊस नक्की गेल्यावर, एकाच वेळी गवंड्याकडून करून घ्यावे.